झुनिनोची बाजू

"बरोबरी?"

तेरावी खेळी करून एल्बिओ झुनिनोने घड्याळाचे बटण दाबले आणि वर न बघताच विचारले. विचारले कसले, शब्द नुसता टेबलावर टाकला. अंगातला कोटही त्याने काढला नव्हता. पाच मिनिटांत उठायचेच होते, मग काढायचा कशाला?

"नाही," वॉशिंग्टन बेंतांकोर म्हणाला.

शेजारच्या पटांवरची माणसे माना वळवून बघू लागली. पंच पेर्दोमो दाराशी सिगारेट ओढत उभा होता, त्याने ती घाईघाईने विझवली. माँतेविदेओच्या त्या बुद्धिबळ क्लबात या दोघांच्या डावात 'नाही' हा शब्द बावीस वर्षांत कोणी ऐकला नव्हता.

इतके दिवस असे चालले होते, की दर हिवाळ्यात राष्ट्रीय स्पर्धेत हे दोघे समोरासमोर येत, तेरा-चौदा खेळ्या भराभर उरकत, एकजण 'बरोबरी?' म्हणे, दुसरा 'बरोबरी' म्हणे, बोटांची टोके एकमेकांना लागल्यासारखी करत आणि दोघे दोन दारांनी निघून जात. लोकांना वाटे, घाबरतात एकमेकांना. तसे काही नव्हते. दोघांतून विस्तव जात नव्हता. त्या थोबाडाकडे पाच तास बघत बसण्यापेक्षा अर्धा गुण गेलेला बरा, असे दोघांचेही मत होते. आयुष्यात त्यांचे एकमत झाले ते एवढ्याच एका बाबतीत. त्यामुळे दोघांत चांगला कोण, हे देशालाही कळले नाही आणि त्यांनाही. झुनिनो बाकीच्यांना हरवून आठ वेळा विजेता झाला. बेंतांकोर एकदाही नाही. वर्तमानपत्रवाले त्याला 'कायमचा दुसरा' म्हणत, आणि वर आपण त्याचा गौरव केला असेही समजत.

भांडण झाले ते एका हत्तीवरून. बावीस वर्षांपूर्वी, अशाच शेवटच्या फेरीत, बेंतांकोरचा हत्ती घरात जरा तिरका बसला होता. हा माणूस लोकरीच्या गोदामात प्रतवारी करणारा. दिवसभर लोकर चाचपून चाचपून त्याच्या बोटांना स्वस्थ बसवत नसे. त्याने हत्ती सरळ केला. सोंगटी सरळ करण्याआधी 'नीट करतो' असे तोंडाने म्हणायचे असते, ते म्हणायला तो विसरला. "हात लावलास, आता तोच हलव," झुनिनो म्हणाला. तोवर दोघे अगदी जवळचे मित्र होते, एका बोटीने ब्युनॉस आयर्सला सामने खेळायला जाणारे आणि परतताना एकाच बाटलीतून पिणारे. बेंतांकोरला वाटले, गडी चेष्टा करतोय. तो हसला. झुनिनोने पंचांना बोलावले. हत्ती हलवावा लागला, डाव गेला आणि विजेतेपदही गेले. नियमाने झुनिनोचे काहीही चुकले नव्हते, आणि नेमके तेच बेंतांकोरला कधी पचले नाही. त्या दिवसापासून अरे-तुरेचे अहो-जाहो झाले, पुढे तेही संपले.

आज झुनिनो अर्ध्या गुणाने पुढे होता. डाव बरोबरीत सुटला, तर तो नवव्यांदा विजेता. बेंतांकोर जिंकला, तर पहिल्यांदा बेंतांकोर. तो एकसष्ट वर्षांचा होता आणि पुढच्या वर्षापासून खेळणार नाही असे त्याने घरी सांगून टाकले होते.

झुनिनोने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले. मग उठून सावकाश कोट काढला, झटकला आणि खुर्चीच्या पाठीवर नीट घातला.

"बसायचंय म्हणता? बसू या."

"हीटर वाढवा रे जरा," मागून इराझोकी ओरडला. हा क्लबचा जुना सभासद, स्वतः धड खेळत नसे पण जीभ चांगली चालवी. "बेंतांकोर आजोबांचा इथंच मुक्काम दिसतोय आज!"

लोक हसले. हसणार नाहीत तर काय? झुनिनो नोटरी होता, अर्ध्या क्लबाच्या घरांची कागदपत्रे त्याच्याच कचेरीत झालेली. इराझोकी 'माते' नावाच्या कडू पाल्याच्या चहाचे भांडे भरून एकेकाला देत होता, भांडे सगळ्यांत फिरत होते. बेंतांकोरच्या कोपराजवळ आले आणि तसेच पुढे गेले. बेंतांकोरने पाहिले आणि पाहिले नाही असे दाखवले. अशा गोष्टींचा त्याला चांगला सराव होता.

दोन तासांनी, झुनिनो विचार करत बसला असताना, बेंतांकोर पाय मोकळे करायला बाहेर आला. बाहेरच्या बाकावर निबिया, त्याची बायको, हातमोजे घालून बसली होती. ती कधी डाव बघायला येत नसे. तिने पिशवीतून पावात घातलेला मांसाचा तळलेला तुकडा काढून त्याच्या हातात दिला.

"खा. कसं चाललंय?"

"सारखंच आहे. पण माझी बाजू जरा बरी वाटते."

"जरा बरी म्हणजे?"

"म्हणजे तो काहीतरी डाव टाकून बसलाय. इतका गप्प तो उगीच बसत नाही."

निबियाने कपाळाला हात लावला. "वॉशिंग्टन, तो माणूस आपल्या घराची पायरी कधी चढला नाही. पण बावीस वर्षं रोज रात्री आपल्या टेबलावर जेवायला असतो. झुनिनो असं म्हणाला असेल, झुनिनोनं तसं केलं असेल. मुलीच्या लग्नातसुद्धा तू त्याचंच बोलत होतास. तू जिंक नाहीतर हर, मला काही फरक पडत नाही. पण आज त्याला घराबाहेर काढ. माझ्याच्यानं आता त्याचं ताट वाढवत नाही."

"जिंकलो की निघेल तो."

"मग जिंक ना! मला काय सांगतोस?"

तो परत आत गेला. झुनिनोने खेळी केली होती आणि तो हाताची घडी घालून छताकडे बघत बसला होता.

बेंतांकोरने पटाकडे पाहिले आणि त्याला बसता येईना. झुनिनोच्या राजापुढे जो घोडा पहिल्यापासून पहाऱ्यावर उभा होता, तो त्याने उचलून पटाच्या मधोमध नेऊन ठेवला होता. राजाचे अंगण उघडे पडले होते. बेंतांकोरचा उंट थेट जाऊन राजाजवळचे प्यादे मारू शकत होता. राजाने उंटाला मारले, की वजिराचा शह. राजा मागे सरला, की हत्ती बाजूने येतो आणि सगळे संपते. पोरासोरांनाही दिसेल असे होते.

तो हळूच खुर्चीत बसला. त्याने पुन्हा मोजले. उंट, राजा, वजीर, हत्ती. मध्ये प्यादे पुढे सरकवले तर? तरीही मात. राजा दुसऱ्या बाजूला पळाला तर? तिथेही हत्ती वाटेत उभा. कुठूनही बघा, झुनिनो मेला होता.

आणि इथेच त्याच्या मनात पाल चुकचुकली. हे इतके सोपे आहे, तर झुनिनोने ते होऊ कसे दिले? जो माणूस मित्राच्या बोटांवर डोळे ठेवून बसतो, तो स्वतःच्या राजाचे दार उघडे टाकून छताकडे बघत बसेल? छे. काहीतरी आहे. आपण उंटाने प्यादे मारण्याचीच तो वाट बघतोय. बेंतांकोरने तो सापळा शोधायला सुरुवात केली. सापडेना. सापडत नाही म्हणजे फार खोल असणार, असे त्याने ठरवले. खेळातले सगळे ज्ञान त्याला एक सांगत होते आणि झुनिनोबद्दलचे सगळे ज्ञान दुसरेच. झुनिनोचा अभ्यास त्याने जास्त केला होता.

त्याच्या घड्याळात फार वेळ उरला नव्हता. त्याने हात पुढे नेला, उंटाच्या वर क्षणभर थांबवला, आणि हत्ती उचलून मोकळ्या रांगेत ठेवला. सुरक्षित खेळी. कोणी नावे ठेवणार नाही अशी.

झुनिनोने छतावरची नजर खाली आणली आणि लगेच, अजिबात विचार न करता, घोडा परत राजापुढे नेऊन ठेवला.

बेंतांकोरने स्वतःची समजूत घातली: बघ, सापळा फसला म्हणून काढून घेतला. पण पुढची प्रत्येक खेळी त्याने तशीच सुरक्षित केली. हत्ती गेले, वजीर गेले, उंट प्याद्यांमागे अडकून पडला आणि शेवटी घोड्याच्या बदल्यात गेला. संध्याकाळी सातला पटावर दोन राजे आणि एकमेकांची वाट अडवून बसलेली प्यादी एवढेच उरले. यातून आता कोणीही जिंकणार नव्हते, आणि मागायची पाळी त्याच्यावर आली होती.

"बरोबरी?" तो म्हणाला.

झुनिनोने चष्मा काढला, रुमालाने पुसला, उजेडाकडे धरून बघितला. "नीट ऐकू आलं नाही."

"बरोबरी म्हणालो."

"हां." त्याने चष्मा घातला. "मी तर दुपारीच म्हणालो होतो."

इराझोकी पोट धरून हसला. टाळ्या पडल्या, कोणीतरी झुनिनोच्या पाठीवर थाप मारली. बक्षीस समारंभ शेजारच्या बिलियर्डच्या खोलीत होता, लोक तिकडे सरकू लागले. झुनिनो कोट घालायला उठला.

"बसा," बेंतांकोर म्हणाला.

डाव संपला की दोघांनी बसून तो पुन्हा मांडायचा, कुठे काय चुकले ते बघायचे, हा रिवाज कट्टर वैरीही पाळतात. या दोघांनी तो बावीस वर्षांत पाळला नव्हता. तेरा खेळ्यांत बघायचे तरी काय?

"मला तिकडं बोलावतायत," झुनिनो म्हणाला.

"थांबतील ते. घोडा मधे आणलात तेव्हा मी उंटानं प्यादं मारलं असतं. पुढं काय होतं तुमच्याकडं? तेवढं दाखवा आणि जा."

झुनिनो एक हात बाहीत घालून तसाच उभा राहिला. बेंतांकोर भराभर सोंगट्या मांडत होता.

"काही नव्हतं," झुनिनो शेवटी म्हणाला.

"काही नव्हतं म्हणजे?"

"चुकलो होतो. बटण दाबलं आणि मग दिसलं. तुम्ही बाहेर होता तेवढं नशीब. आत आलात तेव्हा वर बघत बसलो, कारण पटाकडं बघितलं असतं तर माझ्या तोंडावर तुम्हाला वाचता आलं असतं. हार मानून हात मिळवायला रुमालानं तळवा पुसूनही ठेवला होता मी."

"खोटं बोलताय."

"आता कशाला खोटं बोलू? कप माझाच आहे."

"तुम्ही असे चुकत नाही!" बेंतांकोर जवळजवळ ओरडलाच. "मला माहितीये. तुम्ही कधीच असे चुकत नाही. काहीतरी होतं. सांगायचं नाही म्हणून सांगत नाही तुम्ही!"

झुनिनोने दुसरा हात बाहीत घातला. त्याच्या तोंडावर विजेत्याचा आनंद नव्हता, उलट कोणीतरी अपमान केल्यासारखा तो दिसत होता.

"अडुसष्ट वर्षांचा झालो मी, वॉशिंग्टन. दर स्पर्धेत चुकतो. पेर्दोमोला विचार, इराझोकीला विचार, सगळ्यांना माहितीये. तूच एकटा मला एवढा मोठा समजत बसलास." कॉलर नीट करून तो दाराकडे गेला आणि जाता जाता कडवटपणे म्हणाला, "माझ्याकडं बघायचं सोडून पटाकडं बघायचं होतंस."

दार लागले. पलीकडे पेर्दोमोचे भाषण सुरू झाले, मधूनमधून टाळ्या येत होत्या. बेंतांकोर थोडा वेळ पटाकडे बघत राहिला. मग उठला, टेबलाला वळसा घालून गेला आणि झुनिनोच्या खुर्चीत बसला. तिची गादी अजून उबदार होती. त्याने आपलाच पांढरा उंट उचलून झुनिनोच्या राजाजवळचे प्यादे मारले आणि काळ्या राजाला पळायला वाट शोधू लागला.

निबिया त्याचा कोट हातात घेऊन आत आली. तो भलत्याच खुर्चीत बसलेला पाहून दाराशीच थबकली.

"चल ना घरी. काय करतोयस तिथं?"

"थांब जरा," मान वर न करता तो म्हणाला. "झुनिनोला यातून वाचवता येतंय का, बघतोय."

त्याने राजा कोपऱ्यात नेला. वजिराचा शह बसला, बाजूने हत्ती आला. त्याने राजा परत आणला, प्यादे पुढे केले, घोडा मधे घातला. पुन्हा हत्ती आला. निबिया कोट घेऊन उभीच होती. पलीकडे नवव्यांदा विजेता झालेल्याचे नाव पुकारले गेले, आणि बेंतांकोरने सगळ्या सोंगट्या परत जागेवर ठेवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.