खंड पडू नये म्हणून

कुठलीही गोष्ट सुरू करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. व्यायामाची सायकल तिनेच हौसेने घरात आणली. तिच्यावर आता टॉवेल वाळत. परदेशी भाषेचा वर्ग लावला, तो स्वतःची ओळख करून देण्यापर्यंत पोचला आणि तिथेच आटोपला. गिटार पलंगाखाली पडून होती. घरात तिला ‘आरंभशूर’ म्हणत, आणि हे नाव पाडणारा होता तिचा नवरा, ज्याने जन्मात स्वतःहून काही सुरू केलं नव्हतं. असल्या माणसाला दुसऱ्याला नावं ठेवायला काय जातं?

तो गाडी चालवायला शिकवायचा, म्हणून सगळी आळी त्याला मास्तर म्हणायची. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी बसून, आपल्या पायाखालच्या जादा ब्रेकवर लक्ष ठेवून, लोकांचे जीव वाचवायचे, हा त्याचा धंदा. सवय इतकी हाडीमाशी खिळलेली की घरात कोणी तावातावाने बोलायला लागलं तरी टेबलाखाली त्याचा उजवा पाय जमीन दाबायचा. मुलगी त्यावरून त्याची टर उडवायची.

पण एक गोष्ट मात्र त्याच्या बायकोने आरंभशूर म्हणून सोडलेली नव्हती. मोठ्या रुग्णालयाच्या रक्ततपासणी विभागात ती टेक्निशियन होती, आणि लग्नानंतर नोकरी सांभाळून पुढच्या पदवीला बसली होती. शेवटच्या वर्षी सासऱ्यांनी अंथरूण धरलं. अभ्यास सोड असं तिला कोणी म्हणालं नाही. सोडू नकोस असंही कोणी म्हणालं नाही. पुस्तकं माळ्यावर गेली, आणि तिच्यामागून आलेली पोरं तिच्या डोक्यावर साहेब होऊन बसली.

आता पुन्हा संधी आली होती. विभागप्रमुखाच्या हाताखालच्या जागेसाठी परीक्षा होती, आणि वयाच्या अटीमुळे तिच्यासाठी ही शेवटचीच. या वेळी तिने कानाला खडा लावला. रोज उजाडण्याआधी उठायचं, मागच्या खोलीत बसायचं, दार लावून घ्यायचं, आणि घर जागं होईपर्यंत वाचायचं. ताप आला तरी. पाहुणे आले तरी. पहिला महिना घरच्यांनी गालातल्या गालात हसून काढला. दुसऱ्या महिन्यात हसू थांबलं. पुढे मास्तरने स्वतः दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं.

“या वेळी तुला कोणी हलवणार नाही,” तो म्हणाला. “माझी जबाबदारी.”

त्याने ती अशी काही अंगावर घेतली की विचारू नका. सकाळी भांडं वाजवायचं नाही, अशी आपल्या आईला ताकीद. मुलगी आपली वेणी आपण घालू लागली. पाण्याचा हीटर बिघडला, तर ‘परीक्षेनंतर बघू’. मुलीच्या शिक्षिकेला आईला भेटायचं होतं, तर ‘परीक्षेनंतर’. दार ठोठावायचं नाही हा तर कायदाच झाला. सातत्य चांगलं, सातत्य थोर, असं जो तो उठून सांगतो. ते घरात राहायला आलं की जागा किती अडवतं, हे मात्र कोणी सांगत नाही.

परीक्षा तोंडावर आली, तेव्हा एका सकाळी चहाचा कप पुढे करताना मास्तरच्या डाव्या हातावर तिला एक मोठा काळानिळा डाग दिसला.

“हे काय रे?”

“गाडीचं दार. शिकाऊ माणसं, दुसरं काय.”

तिने चहा घेतला. पान उघडं ठेवून आली होती, तिकडे परत गेली. काही दिवसांनी दंडावर दुसरा डाग आला. मग पोटरीवर. पहिला पिवळा पडत चालला होता, तर तिसरा ताजा होता. कुठला कधीचा, हे तिला भाजीवाल्याला भाजीचं कळावं तसं न विचारता कळत होतं. मास्तर संध्याकाळी आला की बूट न काढता आडवा व्हायचा. बेसिनमध्ये त्याच्या दात घासण्याचा फेस गुलाबी असायचा. ‘विचारायला हवं,’ असं तिच्या मनात यायचं, आणि लगेच त्याच्या मागे घरातला तो लाडका शब्द यायचा. परीक्षेनंतर.

पुढची गोष्ट तिला ठाऊक नव्हती, पण आपल्याला ठाऊक असायला हरकत नाही. मंगळवारी मास्तर दोन शिकवण्यांच्या मधे कोपऱ्यावरच्या छोट्या दवाखान्यात जाऊन रक्त देऊन आला. आईला एवढंच म्हणाला, “रक्त जरा कमी झालंय म्हणतात. गोळ्या देतील. तिच्या कानावर घालू नकोस.” तो छोटा दवाखाना रक्त स्वतः तपासत नसे. नळ्या मोठ्या रुग्णालयात पाठवी. तिथे त्यांच्यावर नंबर चिकटवला जाई, आणि पुढे टेबलावर फक्त नंबर पोचत.

बुधवारी सकाळी तिने एक काच मायक्रोस्कोपखाली सरकवली. नको त्या मोठ्या, कच्च्या पेशींनी सगळी काच भरली होती, आणि त्यांच्या पोटात बारीक काड्यांच्या मोळ्या पडल्या होत्या. हे चित्र वर्षभर तिने पुस्तकात पाहिलं होतं. प्रत्यक्षात, इतक्या वर्षांच्या नोकरीत, पहिल्यांदा. खोटं कशाला बोला, तिला आनंद झाला. तिने विभागप्रमुख मॅडमना हाक मारली.

मॅडम काचेवर वाकल्या आणि बराच वेळ वाकूनच राहिल्या. “याला आजच्या आज भरती करायला हवं,” त्या म्हणाल्या. “मी दवाखान्याला कळवते.” मग तिच्याकडे वळून म्हणाल्या, “नजर चांगली आहे हं तुझी. पास होणार तू.”

त्या दिवशी ती तरंगतच घरी आली. संध्याकाळी सगळे जेवायला बसले तेव्हा तिच्याने राहवेना.

“आज काय सापडलं माहितीये? पुस्तकात असतं ना, तस्संच्या तस्सं. परीक्षेत हेच येणार, बघा तुम्ही.”

“काय होतं त्यात?” मुलीने विचारलं.

“रक्ताचा कॅन्सर. त्यातलासुद्धा सगळ्यात घाईचा. गंमत अशी, की लगेच उपचार सुरू केले तर बहुतेक माणसं बरी होतात.”

“आणि नाही केले तर?” हे मास्तरने विचारलं.

“तर कुठूनही रक्त सुटतं. हिरड्यांतून, नाकातून. डोक्यात सुटलं, तर संपलंच.”

“पण समजा, घरात काही महत्त्वाचं असेल. चार दिवस थांबायचं म्हटलं तर?”

“चार दिवस? अरे, याहून महत्त्वाचं काय असतं माणसाला? असा माणूस या घटकेला घरी जेवत बसला असेल, तर त्याच्यासारखा मूर्ख तोच.”

“असेल बाबा एखादा,” मास्तर म्हणाला आणि हसला.

दवाखान्यातून त्याला दुपारीच फोन आला होता. डॉक्टर लोक घाबरवतातच, असं मनाशी म्हणून त्याने रविवार संध्याकाळचा वायदा केला होता. आता डॉक्टर नव्हे, बायको सांगत होती. टेबलाखाली त्याचा पाय जमीन दाबत राहिला. सासूबाईंचा घास हातातच राहिला होता. त्यांनी मुलाकडे पाहिलं. त्याने मान किंचित हलवली, नाही अशी.

“तुझा पेपर रविवारी सकाळचाच ना?” त्याने विचारलं.

त्याच्या लक्षात आहे, याचं तिला बरं वाटलं.

गुरुवारी पहाटे ती वाचत बसली असताना दाराच्या फटीत दोन पावलांची सावली येऊन थांबली. सासूबाईंची, हे तिने ओळखलं. सावली बराच वेळ तिथेच होती. आत बसलेल्या बाईने डोकं वर करून नुसतं ‘काय हो आई?’ म्हटलं असतं, तरी त्या म्हातारीने सगळं ओकलं असतं. पण तिने विचार केला, काही महत्त्वाचं असेल तर बोलतील. आणि बाहेरचीने विचार केला, आपण बोललो आणि हिचं पुन्हा सुटलं तर तो पापाचा टिळा आपल्याच कपाळी. सावली निघून गेली. माणसं एकमेकांना इतकी सांभाळून घेऊ लागली, की भीती वाटावी.

कामावर मॅडम तिची वाटच पाहत होत्या. “कालचा पेशंट भरती झालेला नाही. वॉर्डात विचारलं मी. त्या दवाखान्याला फोन लाव, नाव आणि घरचा नंबर घे, आणि घरच्यांशी बोल. डॉक्टरांचं ऐकत नाहीत, बायकोला सांगितलं की माणसं येतात.”

“लावते,” ती म्हणाली. पण दिवसभर नळ्यांचा ढीग संपेना, आणि संध्याकाळी फोनची आठवण झाली तेव्हा तिची निघायची वेळ झाली होती. थांबलं तर बस चुकणार, बस चुकली तर संध्याकाळची उजळणी बुडणार. तिने पुढच्या पाळीच्या मुलीला काम सांगितलं. मुलीने मान डोलावली. तिने फोन लावलाही. तोवर छोटा दवाखाना बंद झाला होता.

शुक्रवारी पहाटे ती पुन्हा मागच्या खोलीत बसली. तेच प्रकरण वाचत होती, काड्यांच्या मोळ्यांचं. घरात कुठेतरी नळ सुरू झाला. मास्तर लवकर उठलेला दिसतो, असं वाटून ती पुढे वाचू लागली. नळ वाहतच राहिला. मग भिंतीला घासत कोणी खाली बसल्याचा आवाज आला.

तिने बोट परिच्छेदावर ठेवलं. एवढा संपवू आणि उठू. तिने तो संपवला. मला ती आवडते, म्हणून हे सांगताना जिवावर येतं, पण सांगायला हवं: शेवटच्या ओळीखाली तिने पेन्सिलीने रेघही मारली. नळ अजून वाहत होता. तेव्हा कुठे ती उठली.

मास्तर बाथरूमच्या फरशीवर, भिंतीला टेकून बसला होता. नाकाशी टॉवेल धरलेला. टॉवेल मुळात कुठल्या रंगाचा, ते सांगता येत नव्हतं.

“तू कशाला उठलीस?” तो टॉवेलमधून बोलला. “थांबेल आत्ता. जा, बस तू. दार लाव, पोरगी उठेल.”

तिने त्याचा सदरा वर केला. छातीवर, पोटावर लाल टिपक्यांचा सडा पडला होता.

“रक्त कुठे दिलंस?”

“कोपऱ्यावर.”

“कधी?”

“मंगळवारी.”

तिने नळ बंद केला. एवढीशी गोष्ट करायला तिला दोनदा हात न्यावा लागला. बुधवारच्या सकाळी आपण कोणाचं रक्त बघून खूश झालो होतो, हे तिला कळलं.

“तुला माहीत होतं? मी जेवताना एवढं बोलत होते, तेव्हा तुला माहीत होतं?”

“मागच्या वेळी बाबांच्या आजारपणात तुझं सुटलं,” तो म्हणाला. “तू कधी बोलून दाखवलं नाहीस. पण मी तेव्हा गप्प बसलो होतो ना. या वेळी माझ्यामुळे नको. आणि रविवार काय, आलाच की.”

तिला त्याच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि त्याला कुशीत घ्यावंसंही वाटलं. तिने दोन्हींतलं काही केलं नाही. सासूबाईंना हाक मारली, इतक्या मोठ्याने की मुलगीही उठून आली. खूप महिन्यांनी त्या घरात पहाटे कोणी ओरडलं होतं.

रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टर होता. त्याने मास्तरला झटपट आडवं केलं, नाकात बोळा भरला, सुई लावली, वरच्या वॉर्डात फोन केला. मास्तरचं बोलणं जड झालं होतं, आणि तो डोळे मिटून घेत होता. डॉक्टरने ते पाहिलं, बॅटरी काढून दोन्ही डोळ्यांत उजेड टाकला, आणि नर्सला हळू आवाजात काही सांगितलं. त्याची घाई एकदम वाढली.

“डोकं दुखतंय का?”

“थोडं,” मास्तर म्हणाला.

“हे अंगावरचे डाग कधीपासून आहेत?”

“दोनच दिवस झाले असतील.” मरता मरताही हा माणूस बायकोला पाठीशी घालत होता.

“नाही,” ती म्हणाली. “तीन आठवडे झाले. पहिला डाव्या हातावर आला. मग दंडावर, मग पोटरीवर. हिरड्यांतून रक्त गेल्या आठवड्यापासून येतंय.”

डॉक्टर भराभर लिहीत होता. “तुम्ही पाहिलं होतं हे?”

“रोज पाहत होते.”

माणसं स्ट्रेचरचा गाडा ढकलू लागली. मास्तरचा उजवा पाय चादरीबाहेर आला होता, तो नर्सने आत घेतला. सासूबाई गाड्यामागून दारापर्यंत गेल्या आणि दार बंद झालं तशा तिथेच उभ्या राहिल्या. डॉक्टरने कागद उलटला. पुढचा प्रश्न तो सगळ्यांना विचारायचा, त्यात विशेष काही नव्हतं.

“आणि तुम्ही काय करता?”

“रक्त तपासते,” ती म्हणाली. “इथेच, वरच्या मजल्यावर.”

डॉक्टरने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग त्याने ते लिहून घेतलं.