नळाखालची बादली

मी एक जुनी पितळी बादली आहे. सध्या नाशिकच्या भांडीबाजारात, एका दुकानाच्या मागच्या बाजूला मोडीच्या ढिगात पडून आहे. माझ्या एका अंगाला चेपलेला हंडा आहे, दुसऱ्या अंगाला कान तुटलेली कढई. दोघंही आपापली दुखणी सांगत असतात. मला मात्र काहीच झालेलं नाही, मित्रांनो. काठ शाबूत, कडी घट्ट, बूड धड. तरीही मी इथे कशी आले, ते ऐका.

माझा जन्म याच शहरातला. तांबटाने ठोकून ठोकून मला आकार दिला आणि त्या ठोक्यांमुळेच असेल, माझा आवाज खणखणीत निघाला. माझ्यात पाणी पडू लागलं की शेजारच्या घरात कळायचं. लंकाबाईच्या आईने मला लेकीच्या रुखवतात मांडलं, काठाखाली लेकीचं नाव घातलं आणि मी लंकाबाईबरोबर मखमलाबादला नांदायला आले. घर फुलशेतीचं. मळ्यात झेंडू आणि शेवंती, पहाटे पंचवटीच्या बाजारात माल न्यायचा. लंकाबाई मला चिंचेने घासायची आणि आल्यागेल्याला कौतुकाने दाखवायची.

मग प्लास्टिकच्या बादल्या आल्या. हलक्या, रंगीत आणि वर्षभरात तडकणाऱ्या. मी न्हाणीच्या कोपऱ्यात गेले आणि माझ्यात कोळ्यांनी संसार मांडला. 'गरज सरो नि वैद्य मरो' ही म्हण माणसांनीच केली आहे, भांड्यांनी नव्हे.

पुढे लंकाबाईच्या योगेशचं लग्न झालं. सायखेड्याची तेजस्विनी सून म्हणून घरात आली. थोड्याच दिवसांत तिने मला कोपऱ्यातून ओढून काढलं, लखलखीत घासलं आणि नळाखाली ठेवलं. लंकाबाई गल्लीभर सांगत सुटली, माझी सून लय गुणाची, जुन्याची कदर हाय तिला. मीही फुगून गेले. आम्ही दोघीही मूर्ख होतो.

तिला माझी कदर नव्हती, मित्रांनो. तिला माझा आवाज हवा होता.

घरातली माणसं फुलं तोडायला मळ्यात गेली की तेजस्विनी स्वयंपाकघरात शिरायची. टोपल्यातल्या चपात्या, कालचा भात, डब्यातले लाडू, हाताला येईल ते खायची. चव घेऊन नव्हे, पाठीमागे कुणी लागल्यासारखं. मग न्हाणीत यायची, कडी लावायची, नळ पूर्ण सोडायची, आणि मी खणखणत असताना सगळं ओकून टाकायची. नंतर भिंतीला टेकून बसायची आणि स्वतःलाच बजावायची, हे शेवटचं. दुसऱ्या दिवशी उपाशी राहायची. मग भूक अंगावर यायची, मग पुन्हा खाणं, मग लाज, मग नळ. या चक्राला तिला ब्रेकच सापडत नव्हता.

हे सुरू झालं पाहण्याच्या कार्यक्रमानंतर. कांदेपोहे देऊन ती आत वळली आणि योगेशची मावशी सगुणाबाई म्हणाली, "पोरगी भरलेली हाय. फुलांचे क्रेट उचलायला बरी." सगळे हसले. योगेशही हसला. एका वाक्याने कुणी इतकं आजारी पडत नाही, त्यामागे मनात बरंच काही साचलेलं असतं, हे मला पुढे कळलं. पण त्या वाक्याला मी अजून माफ केलेलं नाही.

तेजस्विनी काही वाळली नाही, म्हणून कुणाला शंका आली नाही. दात ठणकतात म्हणाली, तर तिला लवंग मिळाली. चक्कर आली, तर लिंबूपाणी. गाल सुजले, तर सासर मानवलं म्हणून कौतुक झालं. आणि मी कितीही कोकलले तरी लोकांना पाण्याचाच आवाज येणार. शहाणी माणसं फार तर एवढंच म्हणायची, की सूनबाई पाणी फार सांडते.

एक दिवस वीज गेलेली होती आणि टाकीतलं पाणी संपत आलं होतं. नळ फुसफुसला आणि मध्येच थांबला. अंगणात लंकाबाई हार ओवत बसली होती. तिला ओकारीचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

नव्या सुनेला ओकारी. तिने काय ओळखलं असेल, ते तुम्ही ओळखलंच असेल. दाराबाहेर आली तेव्हा तेजस्विनीच्या तोंडात साखर पडली. संध्याकाळपर्यंत गल्लीत पेढे वाटून झाले. वणीच्या देवीला खण-नारळ बोलून झाला. आणि मग सुरू झालं खाऊ घालणं. "दोन जिवांची हायेस, ताट रिकामं झालं पायजे," असं म्हणत लंकाबाई समोर बसून वाढायची. पोरीने नाही म्हणावं तरी कसं? दिवस गेलेले नाहीत असं सांगितलं, तर ओकारी कशाची ते सांगावं लागणार. ती वाढलेलं खात राहिली. माझ्यावरचा नळ मात्र आता रोज जास्तच सुटू लागला.

शेवटी लंकाबाईच तिला बायकांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. पोटात काहीच नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी सासूला बाहेर बसवलं आणि तेजस्विनीचे ओकून ओकून झिजलेले दात पाहिले, गालांवरची सूज पाहिली. मग विचारलं, तू मुद्दाम उलटी काढतेस का? या आजाराला बुलिमिया म्हणतात, मानसोपचारतज्ज्ञाला दाखव, असं त्या म्हणाल्या. भीती वाटली तर आधी बोलून बघ म्हणून त्यांनी सरकारी टेलिमानस हेल्पलाइनचा नंबरही सांगितला, १४४१६. हे मला नंतर तेजस्विनीच्याच तोंडून कळलं. त्या दिवशी घरी येऊन तिने आजाराचं नाव दडवलं. लंकाबाई मात्र पुष्कळ बोलली. पेढे वाटून झाले होते ना.

दुसऱ्या दिवशी दुपारी तेजस्विनी न्हाणीत आली. कडी लावली, नळ सोडला. पण या वेळी तिच्या हातात फोन होता. नंबर लावला, फोन स्पीकरवर टाकला आणि ती बोलू लागली. पलीकडून एका बाईचा शांत आवाज आला.

"ताई, पाण्याचा आवाज फार येतोय. नळ बंद कराल का?"

तेजस्विनीने दाराकडे पाहिलं. बाहेर अंगणात लंकाबाई होती, हे तिला माहीत होतं. मग तिने हात लांब केला आणि नळ बंद केला.

"मी चोरून खाते आणि ओकून टाकते," ती म्हणाली. "लग्न ठरलं तेव्हापासून. मला थांबता येत नाही. मला वाटतं, मी यातच मरीन."

पलीकडची बाई घाबरली नाही, रागावलीही नाही. हा हट्ट नाही, आजार आहे, म्हणाली. याने रक्तातले क्षार कमी होतात, हृदयावर ताण येतो, म्हणून तपासणी लगेच करा. औषध आहे, समुपदेशन आहे, माणसं यातून बरी होतात.

तेजस्विनीने कडी काढली. दारात लंकाबाई उभी होती. हातातला हार अर्धा ओवलेला.

"म्हंजी अन्न ओकत होतीस?" ती म्हणाली. "आन् मी गल्लीभर पेढं वाटलं."

एवढंच सुचलं तिला. घरातही पुष्कळ झालं. सासरा कारभारी म्हणाला, मनाच्या डॉक्टरकडे गेली तर लोक येडी ठरवतील तिला, आन् आपल्याला बी. योगेश खाली मान घालून ऐकत होता. मग त्याने फक्त विचारलं, "दवाखाना किती वाजता उघडतो?" आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून परस्पर तिला घेऊन गेला.

पोर लगेच बरी झाली, असं मी सांगणार नाही. गोळ्या सुरू झाल्या, बोलणं सुरू झालं, ठरल्या वेळी जेवण सुरू झालं. मध्येच पुन्हा कधी नळही सुटला. जेवणानंतर तिला एकटं सोडू नका, असं डॉक्टरांनी सांगितल्यामुळे लंकाबाई तिच्याजवळ शेवंती ओवत बसू लागली. एकदा सगुणाबाई आली आणि म्हणाली, आता जरा उतरलीस, छान दिसतेस. तेव्हा लंकाबाईने हातातली सुई खाली ठेवली.

"हिच्या अंगाचं नाव या घरात काढायचं नाय," ती बहिणीला म्हणाली. मला लंकाबाईचा तेवढा एकदा अभिमान वाटला.

पण त्याच लंकाबाईने गल्लीत काय सांगितलं? सुनेला पित्त झालंय. पेढे घरोघर गेले, आजाराचं खरं नाव मात्र उंबऱ्याच्या आतच राहिलं. आणि एक दिवस तेजस्विनी दवाखान्यात गेली असताना लंकाबाईने मला गोणपाटात गुंडाळून इथे आणलं. माझा आवाज तिला नकोसा झाला होता म्हणे. दुकानदाराने विचारलं, एवढी चांगली बादली का मोडता?

"गळतीय," लंकाबाई म्हणाली. काठाखालच्या आपल्या नावावरून तिने एकदा बोट फिरवलं आणि निघून गेली.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी जेवल्यावर दार लावून रोज नळ सोडत असेल, तर पाणी सांडल्याचा हिशोब मागू नका, लवंग देऊ नका, पेढेही आणू नका. दाराशी थांबा. ते माणूस बाहेर आलं की हळूच विचारा. दात दुखल्यावर दातांच्या डॉक्टरकडे नेता, तसं मनाच्या डॉक्टरकडे न्या, आणि कुणी विचारलं तर आजाराचं नाव सांगा. मला आता भट्टीत जायचं आहे. दुकानदाराने लंकाबाईचा शब्द खरा मानला, माझ्यात तांब्याभर पाणी घालूनही पाहिलं नाही.

मी गळत नाही.