एफपाशी अडलेली गिटार

मी एक जुनी गिटार आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवते, माझा माणसांवर विश्वास नाही. कोणी मला हातात घेतलं की मी आधी त्याची बोटं बघते आणि मनात म्हणते, 'बघू या, हे किती दिवस टिकतंय!'

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. एकाने पाठ चिकटवली, दुसऱ्याने मान बसवली. माझ्या मानेच्या टोकाला एक पांढरी पट्टी आहे, तिच्यातल्या सहा खाचांमधून माझ्या तारा निघतात. त्या खाचा कानशीने घासणारा कारागीर माझं काम निम्म्यावर आणून उठला, कारण जेवणाची घंटा झाली होती. तो परत येईपर्यंत मला कोणीतरी पुढच्या टेबलावर सरकवलं होतं. त्यामुळे माझ्या तारा शेजारणींपेक्षा जरा उंच राहिल्या. मला त्याचा कोण तोरा! त्या शेजारणींकडे मी ढुंकूनही बघत नसे.

मला घरी आणलं ते बारकीसाठी. बारकी तेव्हा तेरा वर्षांची होती, अंगाने काटकुळी, म्हणून घरात सगळे तिला बारकीच म्हणत. ती सदानकदा गुणगुणायची, अगदी दात घासतानासुद्धा. दोन महिन्यांत तिला कॉर्ड, म्हणजे अनेक तारा एकदम दाबून काढायचे सूर, जमायला लागले: सी आला, जी आला, ए मायनर आला. मग क्लासच्या सरांनी एफ शिकायला दिला.

एफ म्हणजे मोठं अवघड प्रकरण. माझ्या मानेवर आडव्या पट्ट्यांनी घरं पाडलेली आहेत; पहिलं बोट आडवं टाकून त्यातल्या पहिल्याच घरात सगळ्या तारा एकदम दाबायच्या आणि वर उरलेली तीन बोटं पुढच्या घरांत रोवायची. बारकी दात-ओठ खाऊन दाबायची आणि माझ्यातून आवाज निघायचा 'थप्प', ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा. तिच्या बोटांवर वळ उठायचे. मला मात्र दाट संशय होता की ही जोरच लावत नाही. कामचुकार कुठली!

महिनाभराने सर म्हणाले, "हिची बोटं आखूड आहेत. त्याला काय करणार?"

बारकी घरी आली, मला कपाटावर ठेवलं आणि आईला म्हणाली, "मला गाण्यातलं काही जमणार नाही." त्यानंतर तिचं गुणगुणणंही बंद झालं. मी वरून कान देऊन असायची, म्हणून खात्रीने सांगते. मला वाटलं, नाटक आहे, येईल चार दिवसांनी. चार वर्षं गेली. मधे शेजारचे निवृत्त पोस्टमन मला आठवडाभर घेऊन गेले आणि एफपाशी हात टेकून परत ठेवून गेले. माझं मत पक्कं झालं: माणसं आळशी असतात.

मग एक दिवस बारकीची मावशी आली. मावशीचं शिवणकामाचं दुकान आहे. "ताई, ही नुसती धूळ खातेय. मी नेते," असं म्हणून तिने मला उचललंच. दुकानात तिने मला अर्धवट शिवलेल्या कपड्यांशेजारी टांगलं. मी ओळखलं, हिला गिटार नको आहे, खुंटी हवी आहे. दुसऱ्या दिवशी तिने टेपने माझी मान मोजली तेव्हा तर माझी खात्रीच पटली. ही मला कापून काहीतरी बनवणार!

पण दुपारी गिऱ्हाईक नसलं की मावशी मला मांडीवर घ्यायची. माझ्याबरोबर आणलेल्या बारकीच्या जुन्या वहीतून तिने सी, जी, ए मायनर शिकून घेतले. मग आला एफ. थप्प! मी मनात म्हटलं, झालं, आता हिची पाळी.

मावशी रागावली नाही. तिने हाताची तीच ठेवण उचलून पाचव्या घरात दाबली. आवाज स्वच्छ आला. परत पहिल्या घरात, थप्प. असं तिने दहा वेळा केलं. इस्त्रीवाले काका कपडे घेऊन आले होते, त्यांना म्हणाली, "काका, बोटं तीच, जोर तोच. मग इथे वाजतंय आणि तिथे का नाही?"

"सराव कमी पडतोय," काका म्हणाले.

"छे! एकाच जागी टाके सुटायला लागले तर मी हाताला दोष देत नाही. मशीन उघडून बघते."

तिने मला वाद्यं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याकडे नेलं. त्याच्या हातात कानस बघून माझं धाबं दणाणलं. त्याने तारेखाली कागद सरकवून पाहिला आणि कपाळाला हात लावला. "अहो बाई, या खाचा निम्म्याच घासल्यात! पहिल्या घरात तार दाबायला पैलवान आणावा लागेल." आणि त्याने त्या खाचा कानशीने पुरत्या घासून दिल्या.

मित्रांनो, मला ती जेवणाची घंटा आठवली. इतकी वर्षं मी सगळ्यांच्या बोटांवर संशय घेतला आणि खोट माझ्यात होती. ज्याचा तोरा मिरवला, तीच. मला फार लाज वाटली.

पुढच्या आठवड्यात बारकी ड्रेसच्या बाह्या आखूड करून घ्यायला आली. मावशीने मला तिच्या हातात दिलं. "एफ वाजव."

"मावशी, नको ना. तुला माहितेय, माझी बोटं..."

"बोटं गेली खड्ड्यात. वाजव म्हणते ना!"

बारकीने दाबलं. सहाही तारा वाजल्या. तिने आपल्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता हसेल, पण तिचे डोळे भरून आले. "चार वर्षं," ती म्हणाली. "चार वर्षं मी माझ्या हातांना नावं ठेवली, मावशी."

मित्रांनो, तुमच्या हातातली वस्तू रुसली तर आधी ती वस्तू नीट उघडून बघा, कोणाला तरी दाखवा. तिची घासपूस, तिचं तेलपाणी, तिची दुरुस्ती वेळेवर करा. आणि कोणी म्हणालं की तुमची बोटंच आखूड आहेत, तर माझ्यासारखा संशय घ्या, पण त्या म्हणणाऱ्यावर घ्या.

बारकीची माफी मागायची कशी, ते मला कळेना. मला स्वतःहून वाजता येत नाही. तेवढ्यात तिने डोळे पुसले आणि पुन्हा एफ दाबला. माझ्यात होता नव्हता तेवढा सगळा आवाज मी तिला दिला. आणि बारकी, चार वर्षांनी, हळूच गुणगुणायला लागली.