मायलेकींच्या हनुवट्या

भिंगरीचा हात इतका हलका होता, की दुसरी खुर्ची रिकामी असली तरी बायका तिच्यासाठी बाकावर ताटकळत बसायच्या. दोऱ्याचं एक टोक दातात, बोटांत पीळ, आणि समोरची 'आई गं' म्हणेपर्यंत वरचा ओठ साफ. लहानपणी घरभर गरगर फिरायची म्हणून आईनं ठेवलेलं हे नाव पार्लरमध्येही चिकटलं होतं. वय सत्तावीस, पार्लरमधलं नववं वर्ष.

जगाचे केस काढणाऱ्या या मुलीचा दिवस मात्र स्वतःच्या हनुवटीपासून सुरू व्हायचा. सकाळी न्हाणीघराची कडी लावून ती चिमटा घेऊन आरशासमोर उभी राहायची. पूर्वी पाचसहा जाड केस असायचे, आता वीस मिनिटं पुरत नसत. जबड्यावरच्या पुटकुळ्या तर झाकताही येईनात, म्हणून ती दिवसभर तोंडावर मास्क लावायची. कुणी विचारलं तर सांगायची, "पावडरनं शिंका येतात."

पाळीचं तर विचारूच नका. चौदाव्या वर्षापासून ती लहरी. कधी दोन महिन्यांनी, कधी चार. आई म्हणायची, "नाही आली तर नाही आली. तेवढीच कटकट कमी. माझीही अशीच होती, माझं काही अडलं का?" आई एका वसतिगृहाच्या धुलाईघरात यंत्रांवर कामाला होती. यंत्रांच्या घरघरीवर आवाज चढवायची तिला इतकी सवय, की घरीही तिच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. वडील निवृत्त बसमेकॅनिक. त्यांचं बोलणं रोज सकाळी दाढीच्या वेळी एकदाच व्हायचं. "या ब्लेडांना धार म्हणून नाही. चार दिवसांत बोथट!"

त्या वर्षी पाच महिने पाळी आली नाही, आणि आली ती जायचं नाव घेईना. अठराव्या दिवशी भिंगरी एका शाळेच्या मुख्याध्यापिकेच्या भुवया करत होती. उजवी झाली. डावीकडे वळली आणि तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. दोरा दातात तसाच, ती थेट बाईंच्या मांडीवर कोसळली.

मुख्याध्यापिका एकच भुवई झालेल्या अवस्थेत तिला टॅक्सीत घालून दवाखान्यात घेऊन गेल्या. वाटेत सगळं ऐकून म्हणाल्या, "अठरा दिवस? आणि तोंडातून चकार शब्द नाही? माझ्या शाळेतली पहिलीतली पोरंसुद्धा गुडघा फुटला तर बोंब ठोकतात गं!"

डॉक्टरबाईंनी आधी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन आठ. रक्तस्राव थांबवायच्या गोळ्या दिल्या, लोहाच्या दिल्या, थायरॉइड, साखर आणि आणखी चार तपासण्या लिहिल्या, सोनोग्राफी करायला सांगितली. मग म्हणाल्या, "मास्क काढा जरा." भिंगरीनं काढला. बाईंनी हनुवटी पाहिली, मानेवरची काळपट घडी पाहिली, वहीत काहीतरी लिहिलं. तोंड वाकडं केलं नाही, कीवही केली नाही. भिंगरीला तेवढ्यानंच रडू आलं.

आठवड्यानं रिपोर्ट घेऊन ती गेली तेव्हा आईही सोबत होती.

"पीसीओएस," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दहातल्या एखादीला तरी असतं."

"अंडाशयात गाठी ना?" आई पुढे सरकली. "कापाव्या लागतील?"

"काही कापायचं नाही. नाव तसं पडलंय, पण त्या गाठी नव्हेत. दर महिन्याला एक बीज पूर्ण वाढून बाहेर पडायला हवं. हिच्यात पुष्कळशी अर्धवट वाढून थांबतात, म्हणून पाळी लांबते. शरीर साखर नीट वापरत नाही, त्यामुळे इन्सुलिन जास्त तयार होतं. त्यानं पुरुषी हार्मोन वाढतात. केस, पुटकुळ्या, पोटावरचं वजन, सगळं एका माळेचे मणी."

"पूर्ण बरं व्हायला किती दिवस लागतील?" भिंगरीनं विचारलं.

"मुळासकट जात नाही. पण सांभाळता येतं, आणि चांगलं सांभाळता येतं. वजन चारपाच किलो उतरलं तरी फरक दिसेल. रोज चालायचं, गोड कमी, वेळेवर जेवायचं. पाळीसाठी गोळ्या देते, साखरेसाठी एक देते. केसांवर परिणाम दिसायला सहा महिने तरी लागतील, तेव्हा उद्याच आरशात बघू नका."

"आणि मुलं?" हे आईनं विचारलं.

"होतात. कधी उशीर लागतो, कधी औषधांची मदत लागते. होणारच नाहीत असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. बरं, घरात आणखी कुणाला असं काही? तुम्हाला?"

"आमच्यात नाही असलं काही," आई फटकन म्हणाली.

भिंगरीनं आईकडे पाहिलं. 'माझीही अशीच होती' म्हणणारी हीच ना!

बाहेर आल्यावर आईनं बजावलं, "कुणाकडे वाच्यता नको. अजून लग्न व्हायचंय." चार दिवसांनी तीच कुणाकडून तरी कसल्याशा चूर्णाचा एक डबा घेऊन आली. एक्केचाळीस दिवसांत मुळापासून बरं, असं वर छापलेलं. साखरेच्या गोळीनं भिंगरीचं पोट बिघडायचं, मळमळायचं. डबा बरा वाटला. तिनं सगळ्या गोळ्या बंद केल्या. एक्केचाळीस दिवस झाले, साठ झाले, नव्वद झाले. पाळीचा पत्ता नाही, हनुवटी जैसे थे.

शेवटी ती डबा पिशवीत घालून खाली मान घालून डॉक्टरबाईंपुढे बसली. ओरडा खायची तयारी होती.

बाईंनी डबा फिरवून फिरवून वाचला. "यात काय घातलंय तेच लिहिलेलं नाही. न लिहिलेलं पोटात घालू नका, एवढंच. पण गोळीनं पोट बिघडतंय हे मला का नाही सांगितलं? अर्ध्या गोळीपासून सुरू करू, जेवणासोबत. आणि एक लक्षात ठेवा, तीन महिने पाळी आली नाही की वाट बघायची नाही, यायचं. आत अस्तर साचत राहतं. त्या अठरा दिवसांचं मूळ तेच."

मुख्याध्यापिकांना हे कळलं तेव्हा त्यांनी हुकूमच सोडला, "उद्या सहाला माझ्याबरोबर चालायला." बाई साठीच्या, पण चाल घोड्याची. पहिल्या आठवड्यात भिंगरी त्यांच्या मागे धापा टाकत राहिली, तिसऱ्यात शेजारी आली. पार्लरमध्ये दुपारी जेवण टाळून चार वेळा चहा-बिस्किटं खायची सवय होती, ती मोडणं चालण्याहून कठीण गेलं.

अशाच एका रविवारी ती चालून लवकर परतली, घाईत न्हाणीघराचं दार ढकललं. कडी लावलेली नव्हती. आत आई. हनुवटीला फेस, हातात वडिलांचा रेझर.

"दार वाजवायची पद्धत नाही?" आई म्हणाली, पण आवाज चढला नाही. मग तिनं फेस पुसला आणि पालथ्या बादलीवर बसली.

"किती वर्षं?" भिंगरीनं विचारलं.

"तू व्हायच्या आधीपासून. तुझ्या वडिलांना ठाऊक नाही. ते बिचारे ब्लेडवाल्यांना शिव्या घालतात." तिला हसू आलं आणि लगेच डोळे भरले. "तू लग्नानंतर सहा वर्षांनी झालीस. त्या सहा वर्षांत मी काय काय ऐकलं ते माझं मला ठाऊक. त्या बाईंनी विचारलं तेव्हा वाटलं, हो म्हटलं तर कबूलच केल्यासारखं होईल, की हे तुला मी दिलं."

"तू कुठे दिलंस? नाक वडिलांचं घेतलं, हे तुझं घेतलं. सांगून थोडंच घेतलं?" भिंगरी तिच्यासमोर बसली. "अगं, दिवसभर मी परक्या बायकांच्या हनुवट्या करते. आणि माझी आई रेझरनं कापून घेते?"

तिनं आईला खुर्चीत बसवलं आणि दोरा काढला. आईनं पूर्ण वेळ डोळे घट्ट मिटून घेतले होते. मध्येच एकदा म्हणाली, "दुखत नाही की गं."

पुढच्या खेपेला डॉक्टरबाईंसमोर दोघी होत्या. आईनं स्वतःहून सगळं सांगितलं, तिच्या पद्धतीनं, बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. तपासणीत तिची उपाशीपोटीची साखर दोनशेच्या वर निघाली. किती वर्षं अशी होती कोण जाणे. "आधी आला असतात तर बरं झालं असतं, आता आलात हेही बरंच," बाई म्हणाल्या आणि तिचाही कागद लिहायला घेतला.

वर्षभरात भिंगरीचं वजन पाच किलो उतरलं, मग दोन परत चढलं, मग एक उतरलं. पुटकुळ्या गेल्या. केस गेले नाहीत, पण विरळ झाले. चिमट्याला आता पाच मिनिटं पुरत. डॉक्टरबाईंनी पाळीच्या गोळ्या थांबवून बघू म्हटलं, तेव्हा ती कॅलेंडरवर दिवस मोजत बसली. तीस गेले. पस्तीस गेले. अडतिसाव्या दिवशी, दुपारी, ऐन गिऱ्हाइकांच्या गर्दीत आली. आपली आपण.

तिनं मागच्या खोलीत जाऊन आईला फोन लावला. पलीकडे यंत्रं घरघरत होती.

"आली!" भिंगरी म्हणाली.

"काय? मोठ्यानं बोल!"

"अगं, पाळी आली!"

"आली? गोळीशिवाय? छान झालं गं बाई!" आई अशी ओरडली, की धुलाईघरातल्या बायका चादरी सोडून तिच्याकडे बघू लागल्या. मुकादमानं लांबून विचारलं, "कोण आलंय? पाहुणे का?"

"तुमचं काय काम आहे त्यात?" आई त्याला म्हणाली, आणि फोनमध्ये पुन्हा, "जेवलीस का? आधी जेव."