माझी गाठ आणि भाऊजींचा बांध

डोळे हळदीसारखे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली, तेव्हा प्रीती, माझी लेक, मला सांगलीला घेऊन गेली. स्कॅनमध्ये पित्ताच्या नळीत गाठ दिसली. दुर्बिणीतून नमुना घेतला, त्यातही नक्की काही कळेना.

डॉक्टर म्हणाले, "इथली गाठ बहुतेक कॅन्सरचीच असते. क्वचित साधीही निघते. काढून तपासल्याशिवाय छातीठोक सांगता येणार नाही. ऑपरेशन मोठं आहे."

माझ्या दिरांनी, महावीर भाऊजींनी, प्रीतीकडून फोनवर त्यातलं एवढंच ऐकलं: कॅन्सर. घरी येताच म्हणाले, "वैनी, एकसष्ट वर्सं झाली. कशाला चिरफाड? सल्लेखना घ्या. अन्नपाणी सोडत शांतपणानं जायाचं, यापरास पुण्य न्हाई." मला विचारायच्या आधीच त्यांनी बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, सांगूनही टाकलं होतं! दुसऱ्या दिवसापासून लोक दारात. पाया पडतायत, क्षमा मागतायत. मी धडधडीत जिवंत बसलेली आणि हे मला निरोप देतायत. असा संताप आला!

शेवटी भाऊजीही हात जोडून बसले. "दादा गेल्यावर तुमच्या रानाचा बांध मी दोन हात कोरला, वैनी. क्षमा करा." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं.

"केली क्षमा," मी म्हणाले. "आता ऐका. व्रत घ्यायचं ते इलाज संपल्यावर. माझा अजून सुरूच न्हाई झाला. आन् कवा घ्यायचं ते मी ठरवणार. प्रीती, गाडी काढ."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नर्स बजावत होती, रात्री काही खायचं नाही. "बाई, चाळीस वर्सं दिस बुडाल्यावर मी घास घेतलेला न्हाई," मी म्हणाले. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण कागदावर सही माझी मीच केली.

गाठीसकट नळीचा तुकडा काढला, उरलेल्या नळीला आतडं जोडलं. दहा दिवसांनी रिपोर्ट आला. साधी गाठ, कॅन्सर नाही. इतक्या वर्षांत अशी दुसरीच पाहिली, असं डॉक्टर म्हणाले. प्रीती रडली, मीही पोटभर रडले.

घरी आले तर भाऊजी दारातच. "वैनी, लय बरं झालं," म्हणाले आणि हुंदके देऊ लागले.

मी आधी पाणी प्यायले, दम घेतला. "भाऊजी, डोळं पुसा आन् मोजणी लावा. बांध दोन हात मागं घ्यायचा हाय. मी क्षमा केली, रान न्हाई सोडलं."