संपातलं बाळंतपण

मांडवात घोषणा टिपेला पोचल्या होत्या आणि उमेराच्या मांडीखाली दाबून ठेवलेला फोन पुन्हा थरथरायला लागला. दोनदा तिनं तो तसाच वाजू दिला होता. या वेळी मात्र तिला बसवेना. ओढणी सावरत, बायकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत ती मांडवाबाहेर आली.

फोन रुचिकाच्या नवऱ्याचा, राजपालचा होता, माळावरच्या तांड्यातून.

"ताई, रुचिकाचं पोट दुखून राह्यलं. सकाळपासून."

"पानी गेलं काय?"

"गोधडी ओली झाली म्हनते."

"मंग मले कायले फोन करून राह्यला? गाडीले कर!"

"केला ना. गाडी दुसऱ्या पेशंटले घेऊन गेली, येळ लागन म्हनते. अन् रुचिका तं गाडीत बसाले तयारच नाई. उमेराताई आल्याबिगर मी हालत नाई म्हनते. तुमी बोला तिच्याशी."

पण रुचिका फोनवर बोलली नाही. नुसता तिचा श्वास ऐकू आला आणि मग एक दाबलेलं कण्हणं.

उमेरा शेलूबाजारची आशा कार्यकर्ती. गावातल्या दोन गल्ल्या आणि माळावरचा तांडा तिच्याकडे होता. गरोदर बायकांना तपासणीला नेणं, बाळंतपणाला सोबत जाणं, लेकरांच्या लसी, घरोघरची पाहणी, सगळं तिच्याच माथी. त्याचा मोबदला कधी तुकड्यातुकड्यानं मिळायचा, कधी महिनोन् महिने मिळायचाच नाही. म्हणून जिल्ह्यातल्या आशा वाशीमला कलेक्टर कचेरीसमोर येऊन बसल्या होत्या. संपाचा दुसरा आठवडा चालू होता. लाल बावट्याच्या युनियननं ठराव केला होता की, निकाल लागेपर्यंत कोणीही कामाला हात लावायचा नाही. दोन दिवसांपूर्वी एक बाई लसीकरणाला गेल्याचं कळलं, तेव्हापासून तिच्याशी कोणी बोलत नव्हतं.

उमेरा मांडवाकडे वळली, परत रस्त्याकडे आली. चहाच्या गाडीजवळ जाऊन पाणी मागितलं आणि न पिताच ग्लास ठेवून दिला. गेल्या साली रुचिकाचं पहिलं बाळ उसाच्या फडात, पालाच्या झोपडीत जन्मलं ते निपचितच. तेव्हा तिच्याजवळ कोणी नव्हतं. या खेपेला उमेरानं तिला कोयत्याला जाऊ दिलं नाही. दिवाळी झाली आणि सगळा तांडा ऊसतोडीला गेला. मागे म्हातारेकोतारे राहिले आणि हे दोघं. "तुह्याजवळ मी हाय ना," असं उमेरा तिला म्हणाली होती, तेही एकदा नाही.

ती परत मांडवात शिरली आणि थेट पुढे गोमतीबाईजवळ जाऊन बसली.

गोमतीबाई तालुक्याची अध्यक्ष. साठीला टेकलेली, राकट हाडाची बंजारा बाई. सुरुवातीला दहा-बारा जणींना धरून तिनं ही युनियन उभी केली होती. कोणाचा नवरा गेला, कोणाचं ऑपरेशन झालं, तर तिच्या वाटणीची घरं बाकीच्यांनी फिरून काढायची, हा रिवाज तिचाच. मागच्या पावसाळ्यात उमेराला टायफॉइड झाला, तेव्हा गोमतीबाई स्वतः चिखल तुडवत माळावरच्या तांड्यात जाऊन आली होती. आजही मांडवातल्या भाकऱ्या गावोगावच्या पाळीनं येत होत्या, त्या तिच्या शब्दावर.

उमेरानं तिच्या कानाशी लागून सगळं सांगितलं. गोमतीबाईनं समोरून नजर काढली नाही.

"आज तू गेली तं उद्या धा जनी जातीन. परत्येकीच्या गावात कोनी ना कोनी अडलेलं हाय."

"मले समजते."

"मंग?"

"मंग काय सांगू? तिनं मायाच भरवशावर कोयता सोडला. बाकी तांड्यात कोनीच नाई."

"दुसरी खेप हाय ना तिची?"

"हो. पयलं गेलं. फडात."

घोषणा देणाऱ्या पोरीचा आवाज चिरकला, तशी गोमतीबाईनं हात करून तिला थांबवलं आणि दुसरीला माइक द्यायला सांगितलं. मग ती उठली. उमेराला दंडाला धरून मांडवाच्या मागे घेऊन गेली.

"आयक. आशा म्हनून जाऊ नको. उमेरा म्हनून जाय. कुठं सही करू नको, रजिस्टरले हात लावू नको. कोनी इच्यारलं तं सांग, बहीन हाय माही. तिचं मोकळं झालं का परत ये."

"अन् या सगळ्या इच्यारतीन तं?"

"ते मी पाहीन. तू निंग."

भाऊसिंगची जीप त्या भागातल्या आशांना रोज आणत-नेत होती. गोमतीबाईनं हाक मारताच त्यानं चहाचा कप तसाच खाली ठेवला.

वाशीम मागे पडलं तरी उमेराच्या मानेतला ताण जाईना. ती सारखी पुढच्या काचेतून बघत होती, जणू बघितल्यानं रस्ता कमी होणार होता. मध्ये कापसाच्या ट्रॅक्टरनं वाट अडवली. "हॉर्न वाजवा ना भाऊ!" ती ओरडली. "वाजवूनच राह्यलो," भाऊसिंग म्हणाला. माळावरच्या कच्च्या रस्त्याला जीप लागली तेव्हा तिनं स्वतःचाच ओठ चावला होता.

तांडा सुना पडला होता. दारोदार कुलपं. एका ओट्यावर राजपाल उभा होता, हातात एक पिशवी आणि पायात दोन वेगळ्या चपला. आत रुचिका भिंतीला टेकून बसली होती. उमेराला बघून तिनं डोळे मिटले.

"आली काय वं ताई?"

"आली. उठ आता. मायावर भार टाक."

जीपमध्ये रुचिकानं तिचं मनगट असं आवळून धरलं की बांगड्या मांसात रुतल्या. मध्येच ती म्हणाली, "हालत नाई वं. मघापासून पोटात हालतच नाई." उमेरानं तिच्या पोटावर हात ठेवला. जीप इतकी आदळत होती की काही कळत नव्हतं. तरी ती म्हणाली, "हालते. मले लागते ना हाताले." ते खरं होतं की खोटं, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

आरोग्य केंद्रात एकच नर्स होती, कंत्राटावरची. तिनं रुचिकाला टेबलावर घेतलं, तपासलं आणि म्हणाली, "ठोके आहेत. पण वेळ नाही. ताई, तुम्ही इथंच थांबा."

दुपारी मुलगी झाली. आधी रडेना. नर्सनं तिचं तोंड पुसलं, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या. उमेराचा हात रुचिकाच्या केसांत तसाच थांबला. मग एक बारीक, चिडका आवाज निघाला. बाहेर राजपाल भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

नर्सनं बाळ कापडात गुंडाळून उमेराच्या हातात दिलं आणि ती रुचिकाकडे वळली, कारण रक्त थांबत नव्हतं. त्याच वेळी डॉक्टर आत आले. तरुण, कपाळावर आठ्या. संपामुळे रोज वरून त्यांना विचारणा होत होती.

"अरे वा, आशाताई! आलात का कामावर?"

"कामावर नाही आले, सर. माझी बहीण आहे ही."

डॉक्टर हसले. रुचिकाची नाडी बघता बघता त्यांनी नर्सला इंजेक्शन सांगितलं, सलाईन वाढवायला सांगितलं. काम त्यांनी चोख केलं, हे उमेरा नंतरही कोणापाशी नाकारत नसे. पण जाता जाता दारात वळून त्यांनी मोबाइल वर केला, आणि ती बाळ घेऊन उभी असताना फोटो काढला.

"सर, फोटो नको."

"अहो, चांगलं काम केलंय तुम्ही."

तिला त्यांच्या मागे धावायचं होतं. पण नर्स म्हणाली, "ताई, बाळ पाळण्यात ठेवा. इथं पोटावर हात दाबून चोळत राहा, मी सांगेपर्यंत सोडू नका." उमेरा चोळत राहिली. तिचे खांदे भरून आले. फोन पर्समध्ये वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता.

रक्त थांबलं तेव्हा तिनं फोन पाहिला. फोटो सगळ्या ग्रुपवर फिरला होता. खाली लिहिलं होतं : 'संप सोडून आशा कामावर रुजू. आज सुखरूप प्रसूती. इतरांनीही आदर्श घ्यावा.' त्याखाली मांडवातल्या बायकांचे निरोप. 'आमी उन्हात मरून राह्यलो अन् ही फोटो काढून राह्यली.' 'किती पैसे भेटले गं?' एकीनं नुसतं 'गद्दार' लिहिलं होतं. ती बाई उमेराच्या टायफॉइडमध्ये रोज पेज घेऊन येत असे.

तिनं गोमतीबाईला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मग बंद लागला.

उमेरा व्हरांड्यात गेली, आत आली, परत व्हरांड्यात गेली. आत्ताच वाशीमला जावं, सगळ्यांसमोर उभं राहून सांगावं, असं वाटत होतं. नर्स मात्र म्हणाली होती की आज संध्याकाळपर्यंत रुचिकाला एकटं सोडायचं नाही, आणि दुसऱ्या प्रसूतीची बाई दारात आली होती.

उन्हं कलल्यावर तिचे सासरे डबा घेऊन आले. सैफुद्दीन चाचा म्हणून गाव त्यांना ओळखायचं. जिनिंग फॅक्टरीत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली होती. फॅक्टरी कधीच बंद पडली, पण छातीतली कापसाची धूळ अजून खोकल्यातून बोलायची.

"पहले खा ले, बेटा," ते म्हणाले.

"अब्बा, फोटो देखा?"

"तौसीफनं दाखवला." तौसीफ म्हणजे उमेराचा नवरा. घरात चाचा उर्दूत बोलत, पण जिनिंगचा विषय मनात आला की त्यांची जीभ आपोआप वऱ्हाडीवर जायची, तिथले सोबती तसेच होते. "आमच्या संपात मीबी असाच सापडलो होतो. मशिनी सगळ्या बंद. पन आवारात कपाशीची गंजी उघडी. बाजूले आमच्याच लोकायची वस्ती. एक ठिनगी पडली असती तं सारी जळाली असती. फुलसिंग आमचा लीडर. तो म्हने, सैफू, तू रात्रभर गंजीपाशी बस. बसलो. सकाळी मालकानं साऱ्यायसमोर माया गळ्यात हात टाकला. म्हने, हा पाहा इमानदार मानूस."

"फिर?"

"मंग काय. कोनी बिडी देईना, कोनी पानी देईना."

"आपने क्या किया?"

"काय करतो? रोज जाऊन आपल्या जागी बसत जाय. बोलले नाई तरी बसत जाय." त्यांना खोकला आला. तो थांबल्यावर ते म्हणाले, "एकाचं पोरगं तापानं फणफणलं, त्याले दवाखान्यात न्याले मी होतो. तवा बोलले. फुलसिंगले मात्र त्यायनं कमिटीतून काढलंच. मले बसवलं म्हनून."

उमेराच्या हातातला घास तसाच राहिला. त्या क्षणापर्यंत तिनं फक्त स्वतःचाच विचार केला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसिंगच्या जीपमध्ये तिच्याजवळची जागा मोकळी राहिली. बायका मागे दाटीवाटीनं बसल्या. भाऊसिंगनं आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "काल लय गरमागरमी झाली. गोमतीबाई माइकवर उभी राह्यली. म्हने, मीच पाठवली तिले, जे बोलाचं ते मले बोला. मंग बाहेरगावचे पुढारी आले. म्हने, ठराव तुमीच केला अन् तुमीच मोडला."

"मंग?"

त्यानं आरशातली नजर काढून रस्त्याकडे वळवली.

मांडवात पुढच्या चटईवर, अध्यक्षाच्या जागी, दुसरी बाई बसली होती, तरुण, खणखणीत आवाजाची. गोमतीबाई शेवटच्या ओळीत होती. तिथं मांडवाचं कापड पुरत नव्हतं, ऊन सरळ डोक्यावर येत होतं. दुखरा पाय लांब करून, पदर कपाळापर्यंत ओढून ती बसली होती. उमेरा तिच्याजवळ जाऊन बसली. माफी मागावी, तर ती कशाची मागावी?

गोमतीबाईच आधी बोलली. "काय झालं तिले?"

"पोरगी."

"रडली काय?"

"आधी नाई रडली. मंग लय रडली."

"अन् रुचिका? रक्त?"

"थांबलं. दूध उतरून राह्यलं आता."

"बेस झालं." गोमतीबाईचा आवाज पार बसलेला होता. "काल किती बोलली मी! घसा गेला पाय. पटलं नाई कोनाले. त्यायचंबी चूक नाई, पोरी. संप असाच धरून ठेवा लागते. मीच शिकवलं त्यायले."

"मंग मले काहून पाठवलं?"

गोमतीबाईनं तिच्याकडे पाहिलं. तिनं तळहातानं उमेराच्या मनगटावरचे बांगड्यांचे वळ चाचपून पाहिले आणि हात तसाच तिच्या हातावर राहू दिला.

पुढे घोषणा सुरू झाल्या. सगळ्यांच्या मुठी वर गेल्या, या दोघींच्याही. आवाज फक्त उमेराचा निघाला. सावलीतल्या कोणीही मागे वळून बघितलं नाही.

ऊन चढत गेलं. रात्रभर जागलेल्या गोमतीबाईची मान हळूहळू कलली आणि डोकं उमेराच्या खांद्यावर आलं. बसल्या जागी तिला झोप लागली. उमेराचा एक पाय मुडपून खाली अडकला होता. आधी त्याला मुंग्या आल्या, मग तो बधिर झाला. घाम मानेवरून ओघळून कुडत्यात शिरला. पर्समध्ये फोन वाजला आणि वाजून थांबला. तिनं ओढणीचं टोक वर करून त्या पांढऱ्या केसांवर सावली धरली, आणि गोमतीबाई जागी होईपर्यंत ती हलली नाही.