उशिरा पडणारी झांज

हेडफोनची काळी गादी कानाला गरम लागत होती आणि आत झांज... होय, तीच, आपलीच, ठेक्याच्या मागून धापा टाकत येणारी — सुनीतीनं डोळे मिटले. अठ्ठ्याण्णवचा गणपती. राजधानीतल्या द्वारकेच्या या सोसायटीत तेव्हा लिफ्ट नव्हती, पाणी टँकरनं यायचं, आणि आरतीला सगळी मराठी घरं मिळून अकरा माणसं.

"आई, सुन ना, ही झांज कमाल आहे!" परीक्षित सकाळीच म्हणाला होता. पहिला अल्बम लेकानं नुसता नाचायला केला — ते रेगेटॉन का काय, नुसती धमचक. दुसऱ्यात त्यानं ढोलकी घातली, कव्वालीच्या टाळ्या घातल्या, आणि आता जुन्या कॅसेटमधली आईची झांज. "तू बिल्कुल अर्धी मात्रा लेट आहेस. मला हेच हवंय, यार! ठेवू ना? चार वाजता फायनल पाठवायचंय."

लेट! मंडळानं जन्मभर जिची टर उडवली ती झांज आता दुनिया ऐकणार... घ्या, हसा पुन्हा! भीती वाटलीच. पण आत कुठंतरी गोडही वाटत होतं — पोटच्या पोरानं आपलं चुकणं मुद्दाम मागून घ्यावं!

"मधल्या चार ओळी कापल्यात," जाता जाता तो म्हणाला, "तिथं तू अचानक तालात येतेस. बोअर."

तिनं मूळ कॅसेटची फाइल लावली. त्या चार ओळी... झांज सरळ, नीट, शहाण्या मुलीसारखी. आणि तिला आठवलं. परीक्षितच्या बाबांनी, अविनाशनी, मनगट धरलं होतं, सगळ्यांदेखत, ताल सांभाळायला. केवढी चिडली होती ती! दोन दिवस बोलली नव्हती. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. कॅसेटवर त्यांचा आवाज नाही, आरतीला ते नुसते ओठ हलवायचे... म्हणजे त्यांचं एवढंच उरलंय. चार ओळींपुरतं. आणि नेमकं तेच कापलेलं.

पावणेचार. फोन वाजतोय, परीक्षितचाच. त्या ओळी घाल म्हणावं तर गाणं बिघडतं, त्याचं आणि माझंही — हो, माझंही, एवढ्या वर्षांनी माझं म्हणावं असं काहीतरी आहे. राहू दे म्हणावं तर...

तिनं फाइल पुन्हा मागे नेली. सोडा ना हात, लोक बघतायत — तेव्हा ती दात आवळून पुटपुटली होती. आज ते म्हणवेना. धरा हो, ती मनात म्हणाली... पण चारच ओळी हं, पुढची माझी मी वाजवीन. आणि फोन वाजत असतानाच तिला हसू आलं, रडूही आलं.